सार्वजनिक फुलांचे वाफे दर वर्षी का जळतात? आधी कारण शोधा, मगच पुन्हा लावा

स्वयंसेवकांनी हौसेनं लावलेला फुलांचा वाफा महिनाभर छान दिसतो. मग एकेक रोप मान टाकतं, मधल्या जागेत तण शिरतं आणि वर्ष उलटायच्या आत तिथं पुन्हा उघडी माती. पुढच्या हंगामात पुन्हा वर्गणी, पुन्हा रोपं, पुन्हा तेच. चौक आणि रस्त्याकडेच्या पट्ट्या फुलवायला निघालेल्या गटांकडून हीच तक्रार इतक्या वेळा येते की तिचं उत्तर एकदा नीट लिहून काढायलाच हवं होतं.

तक्रारीसोबत बहुधा निदानही तयार असतं: लोकांना किंमत नाही, किंवा नर्सरीनं खराब माल दिला. कधीकधी ते खरंही असतं. पण मेलेलं रोप काढून, फोडून, खालची माती चाचपून पाहिली तर कारण बहुतेक वेळा लावणीच्या दिवशीचंच निघतं. म्हणून नवी रोपं आणण्याआधी मेलेल्या रोपांची चौकशी करा. खुरपं, पाण्याची बादली आणि एक लोखंडी गज एवढ्या सामानात ती होते.

रोप केव्हा गेलं?

कारणापर्यंत पोचायचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे तारीख. लावल्यापासून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोपं गेली असतील तर पाणी आणि मुळांचा गोळा तपासा. रोपं जगली, पण वाढलीच नाहीत, पिवळी पडत पडत महिना-दीड महिन्यानं गेली, तर जमीन तपासा. भरभरून फुलली आणि तीन-चार महिन्यांनी वाळली, तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही; त्या झाडाचं आयुष्यच तेवढं होतं. आणि झाडं आहेत पण तणात हरवली आहेत, असं असेल तर प्रश्न माणसांच्या नेमणुकीचा आहे.

गटातल्या दोघा-तिघांना वेगवेगळं विचारा. "कधीतरी गेली" हे उत्तर चालवून घेऊ नका. फोनमध्ये लोकांनी काढलेले फोटो असतातच, त्यांवरच्या तारखा लावून पाहिल्या की आठवड्याचा अंदाज येतो.

पहिल्या तीन आठवड्यांत गेलेली रोपं

मेलेलं रोप ओढू नका. खुरपं बाजूनं घालून खालून उचला. बऱ्याचदा असं दिसतं: गोळ्याचा आकार अजून जसाच्या तसा पिशवीचा आहे, तळाशी मुळं गोल गोल फिरलेली आहेत आणि बाहेरच्या मातीत एकही पांढरं मूळ शिरलेलं नाही. आता गोळा मधोमध फोडा. भोवतालची माती बोटाला गार, ओलसर लागते. आतलं मिश्रण मात्र कोरडं ठणठणीत, चिमटीत धरलं तर भुगा होणारं. रोज पाणी घातलं जात होतं आणि रोप तरीही तहानेनं मेलं.

असं होतं कारण नर्सरीतलं मिश्रण हलकं आणि सच्छिद्र असतं आणि जमिनीतली माती बारीक कणांची. बारीक कणांची माती ओलावा स्वतःकडे ओढून घेते. शिवाय पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) असलेलं मिश्रण एकदा पूर्ण वाळलं की पाणी शोषून घेत नाही, पाणी त्याच्या कडेनं निघून जातं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्या मानानं लवकर भिजतं, पण गोळा कडक वाळला असेल तर झारीच्या दोन शिंतोड्यांनी तेही भिजत नाही. मुळं बाहेर पसरेपर्यंत रोपाचं सगळं पिणं त्या मुठीएवढ्या गोळ्यातूनच चालतं, हे लक्षात घेतलं तर पुढचं सगळं आपोआप सुचतं.

लावण्याआधी प्रत्येक रोप पिशवीसकट बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत तसंच ठेवा. मग पिशवी काढा. पूर्ण काढा, तळ फाडून आत ठेवलेली पिशवी मुळांना अडवते. गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा, फारच घट्ट असतील तर दोन-तीन उभ्या चिरा द्या. गोळ्याचा माथा जमिनीच्या पातळीला येऊ द्या. खाली गेला तर खोडाशी पाणी साचून कुजतं, वर राहिला तर वाऱ्यानं वाळतो. भोवती छोटं आळं करा आणि पहिलं पाणी थेट खोडाजवळ, सावकाश घाला. पुढचे दोन-तीन आठवडे पाणी त्या गोळ्याला मिळतंय की नाही ते बोट घालून बघा. वरची माती ओली दिसणं हा पुरावा धरू नका.

लावणी संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी करावी. अडचण अशी की उपक्रमाचा दिवस पाहुण्यांच्या सोयीनं ठरतो आणि लावणी भर दुपारी होते. शक्य असेल तिथं हे वेगळं करा: खड्डे, माती, भाषणं, फोटो सकाळी, रोपं मातीत ऊन उतरल्यावर. आणखी एक गोष्ट अनेकांना पटत नाही, तरी लिहितो. फुलांनी लगडलेली रोपं विकत घेऊ नका. ठेंगणी, भरदार, अजून कळीही न धरलेली रोपं लवकर जीव धरतात. फुललेलीच मिळाली तर लावताना फुलं खुडून टाका. त्या दिवशीचा फोटो साधा येईल, पण रोपाची ताकद मुळांकडे जाईल.

पाण्याचा हिशेब

वाफ्याला "रोज पाणी घालतो" असं सगळेच सांगतात. किती, ते फारसं कोणी मोजत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. जम बसलेल्या फुलझाडांना कोरड्या हवेत आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरतात, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला २५ लिटर. दहा चौरस मीटरच्या वाफ्याला २५० लिटर, म्हणजे दहा लिटरच्या झारीच्या २५ फेऱ्या, दर आठवड्याला. कडक उन्हात याहून जास्त.

हा आकडा गटासमोर ठेवा आणि विचारा की नळ कुठे आहे. माझं स्पष्ट मत आहे की वाफ्याचा आकार चित्रावरून ठरवू नये, नळावरून ठरवावा. नळ रस्त्यापलीकडे असेल, कोणाच्या तरी इमारतीत असेल आणि तिथला माणूस सुट्टीच्या दिवशी नसेल, तर तो वाफा जगणार नाही, फुलं कोणतीही लावा. तिथं तीन चौरस मीटरचा वाफा करा किंवा कमी पाण्यावर जगणारी झाडं लावा.

रोज थोडं थोडं शिंपडण्यानं वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर भिजतो, मुळं तिथंच घुटमळतात आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड कोसळतं. नवी रोपं रुजल्यावर पाण्याच्या पाळ्या कमी करा आणि एकेका पाळीचं पाणी वाढवा. पाणी दिल्यावर अर्ध्या तासानं खुरप्यानं एक छोटा छेद घेऊन बघा. १५ सेंटिमीटर खालपर्यंत ओल उतरली असेल तर पाणी पुरेसं झालं. वर पालापाचोळ्याचं किंवा सालींच्या तुकड्यांचं पाचएक सेंटिमीटर जाडीचं आच्छादन टाका, खोडापासून चार बोटं दूर. पाणी वाचवणारा याहून स्वस्त उपाय नाही, शिवाय त्यानं तणही दबतं.

ओल्या मातीत मान टाकलेलं झाड

इथं सगळ्यात जास्त गफलत होते. रोप कोमेजलेलं दिसलं की येणारा-जाणारा प्रत्येक स्वयंसेवक त्याला पाणी घालतो. आधी माती बघा आणि वेळ बघा. दुपारी मलूल आणि संध्याकाळी पुन्हा ताठ, तर तो उन्हाचा परिणाम, हात लावू नका. सकाळीच मलूल आणि माती कोरडी, तर तहान. सकाळीच मलूल आणि माती ओली, तर मुळं गुदमरली किंवा कुजली आहेत; आणखी पाणी घातलंत तर उरलेलीही जातील. अशा झाडाची मुळं तपकिरी, बुळबुळीत असतात, साल बोटानं ओढली तर सुटून येते आणि मातीला कुबट वास येतो. सदाफुली यात हमखास सापडते. ती कोरड्यात तग धरते, साचलेल्या पाण्यात नाही.

वाढ खुंटलेला, पिवळा वाफा: जमीन

रस्ता, पदपथ किंवा इमारत बांधून झाल्यावर उरलेल्या पट्टीत माती म्हणून जे असतं त्यात राडारोडा, खडी, सिमेंटचे गोळे आणि रोलरनं घट्ट दाबलेला मुरूम असतो. वर चार बोटं लाल माती पसरली की ती जागा वाफ्यासारखी दिसते. मुळं ते चार बोटांचं अंतर पार करतात आणि अडतात.

तपासणी दोन प्रकारे करा. माती ओलसर असताना लोखंडी गज हाताच्या जोरानं खुपसा. वीसएक सेंटिमीटर सहज जायला हवा. पाच-सात सेंटिमीटरवर ठण्ण वाजला तर खाली काय आहे ते उकरून बघा. दुसरी चाचणी निचऱ्याची: ३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि आता तासाभरात पातळी किती उतरते ते काठीनं मोजा. २.५ ते ७ सेंटिमीटर उतरली तर उत्तम. २.५ पेक्षा कमी म्हणजे निचरा नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर त्या जागी लावणीच करू नका.

उपाय कष्टाचा आहे आणि त्याला पर्याय नाही. राडारोडा वेचून काढा, ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत जमीन सैल करा आणि पाच-सात सेंटिमीटर जाडीचा पूर्ण कुजलेल्या खताचा थर त्यात मिसळा. ताजं शेणखत नको, मुळं भाजतात. खणायचं ते वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी असताना. चिकणमाती ओली असताना तुडवली तर वाळल्यावर तिची वीट होते, आणि चाळीस जणांचा उपक्रम पावसाच्या दुसऱ्या दिवशी ठेवला की नेमकं तेच होतं. अशा वेळी तारीख पुढे ढकला, कितीही निमंत्रणं गेलेली असली तरी.

न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ क्रिस्टी आणि तिच्या 'ग्रीन गरिला' गटानं बाउरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची कचऱ्यानं भरलेली मोकळी जागा फुलवायला घेतली, तेव्हा आधी कचरा काढला, मग चांगली माती आणून टाकली, कुंपण घातलं आणि मग लावणी केली. पुढच्या वर्षी ती जागा शहराकडून रीतसर भाड्यानं घेतली. ती बाग आजही आहे, आजही स्वयंसेवकच सांभाळतात. मला या गोष्टीतला क्रम महत्त्वाचा वाटतो.

खाली काँक्रीट किंवा डांबरच असेल तर ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा उचललेला वाफा करा, तळाशी पाणी निघायला वाट ठेवून. वाफा मोठ्या झाडाखाली असेल तर मात्र खोल खणू नका आणि मातीचा ढीगही घालू नका. झाडाची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात, आणि बुंध्याभोवती माती चढवून फुलं लावल्यानं चांगली मोठी झाडं हळूहळू मरतात. मुळांच्या मधल्या बेचक्यांत सावलीत जगणारी छोटी रोपं लावा, तेवढं पुरे.

पिवळेपणा कुठला तेही बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, खत द्या. शेंड्याकडची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह मिळत नाही. सिमेंट-चुन्याचे तुकडे मिसळलेल्या जमिनीत सामू (पीएच) वाढतो आणि मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. अशा वेळी युरियाच्या मुठी टाकून काही होत नाही. सिमेंट काढणं आणि सेंद्रिय खत वाढवणं हाच रस्ता आहे.

एखाद्या पट्ट्यात सगळीच झाडं, अगदी तणासकट, एका सरळ रेषेत आणि एकाच आठवड्यात करपली असतील, पानं मुरडलेली असतील, तर शेजारी तणनाशक मारलं गेलंय का ते विचारा. पदपथ साफ करणाऱ्यांना तुमचा वाफा कुठे सुरू होतो हे कोणी सांगितलेलंच नसतं. विटांची किंवा दगडांची ठसठशीत कड आणि संबंधित खात्याला लेखी कळवणं, दोन्ही करा. परवानगी तशीही लेखीच हवी. कुदळ मारण्याआधी जमिनीखालच्या वीजवाहिन्या आणि नळ कुठून जातात ते विचारून घ्यावं लागतंच. वळणावर आणि पादचारी ओलांडतात तिथं गुडघ्याच्या वर वाढणारं काही लावू नका, चालकाला समोरचं दिसलं पाहिजे.

फुलून वाळलेला वाफा

झेंडू, झिनिया, कॉसमॉस ही हंगामी झाडं. पेरल्यापासून दोनेक महिन्यांत फुलतात, बी धरतात आणि संपतात. त्यात कोणाचीही चूक नाही. फुलण्याचा काळ लांबवायचा असेल तर रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतात, आणि सुकलेली फुलं आठवड्याला खुडत राहा. बी धरू दिलं की झाड फुलायचं थांबवतं.

पण सगळा वाफाच हंगामी झाडांचा केला तर वर्षातून तीन-चार वेळा पूर्ण लावणी करावी लागते, आणि बहुतेक गट तिथंच थकतात. मी दोन तृतीयांश जागा बहुवर्षायू झाडांना द्या म्हणतो आणि रंगासाठी कडेनं हंगामी. कोणती बहुवर्षायू, हे कुठल्याही यादीत शोधू नका. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात आपल्याच परिसरात फेरी मारा आणि कोणी पाणी घालत नसताना काय फुललेलं आहे ते टिपून आणा. ती तुमची यादी. लँटानाचं (घाणेरीचं) नाव अशा फेरीत नक्की येईल. कणखर आहे, पण अनेक देशांत ती रानोमाळ पसरलेलं आक्रमक तण झाली आहे, म्हणून सार्वजनिक वाफ्यात ती टाळावी.

तुडवणूक, चोरी, कुत्री

वाफ्यातून पायवाट पडली असेल तर लोकांना तिथूनच जायचं आहे. पाटी लावू नका, तिथंच फरशा टाकून वाट द्या आणि वाफ्याचे दोन वाफे करा. रोप चोरीला गेलं तर दोन दिवसांच्या आत नांग्या भरा, म्हणजे रिकाम्या जागी नवं रोप लावा. रिकामा खड्डा दिसत राहिला की शेजारची रोपंही जातात. त्यासाठी दहा-पंधरा रोपं कोणाच्या तरी अंगणात राखीव ठेवावीत. कोपऱ्यावरचीच झाडं करपत असतील तर कुत्र्याच्या लघवीतल्या युरिया आणि क्षारांचा परिणाम असतो; तिथं भरपूर पाणी ओता आणि कोपऱ्यात झाडाऐवजी दगड ठेवा. खुरपताना जाड हातमोजे हवेतच. रस्त्याकडेच्या मातीत फुटक्या काचा असतात, सुयाही निघतात.

आता पाणी कोण घालणार?

लावणीला चाळीस माणसं येतात आणि पुढच्या आठवड्यात पाणी घालायला कोणीच नसतं, कारण चाळीसही जणांना वाटतं की दुसरं कोणीतरी घालेल. म्हणून रोपांची संख्या ठरवण्याआधी नावं ठरवा. प्रत्येक वाफ्याला दोन नावं, दोघंही तिथून रोज जाणारी-येणारी. जितक्या जोड्या मिळतील तितकेच वाफे. आठवड्यातून एक दिवस अर्धा तास खुरपणी. तण दोन पानांचं असताना ते काम हाताच्या बोटांनी होतं, फुलावर आल्यावर कुदळ लागते. सुट्ट्यांच्या आठवड्यांची पाळी आधीच लिहून ठेवा, वाफे बहुधा त्याच काळात जातात. आणि जमलेल्या पैशांतला निम्मा भाग लावणीनंतरच्या वर्षासाठी बाजूला काढा: पाइप, खत, राखीव रोपं.

फ्रान्समध्ये १९५९ पासून फुलांनी सजलेल्या गावा-शहरांना एक ते चार फुलांचं मानांकन देतात. परीक्षक काही काळानं पुन्हा येतात आणि दिलेलं फूल काढूनही घेता येतं. साठच्या दशकात तिथूनच प्रेरणा घेऊन सुरू झालेल्या 'ब्रिटन इन ब्लूम' या ब्रिटनमधल्या स्पर्धेत आज बागकामासोबत पर्यावरण आणि लोकांचा सहभागही पाहिला जातो. काही काळानं पुन्हा येऊन पाहणं आपल्या गटापुरतंही करता येईल. लावणीच्या दिवशीचे फोटो सगळेच काढतात. सहा महिन्यांनी त्याच जागेवरून, त्याच कोनातून दुसरा फोटो काढायचा असं आधीच जाहीर करा आणि तो कोण काढणार त्याचंही नाव लिहा.

हे सगळं पाहूनही एखाद्या वाफ्याला पाणी किंवा माणसं मिळतच नसतील तर तो बंद करा, पण नीट बंद करा. उरलेली चांगली रोपं दुसऱ्या वाफ्यात हलवा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि काठ्या वेचून काढा, जमीन सारखी करून तिथं स्थानिक गवत किंवा जमिनीलगत पसरणारं कणखर झाड लावा आणि ज्यांनी परवानगी दिली त्यांना जागा परत केल्याचं पत्र द्या. जवळच्या चालत्या वाफ्याला त्यामुळे दोन जास्तीचे हात मिळतात.